सिंधुदुर्गा, तुझं ताट बदलू नकोस

प्रिय सिंधुदुर्गा,



१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन तू जिल्हा झालास. १९९७ मध्ये तुला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं गेलं आणि पाहुण्यांचा राबता वाढत गेला. सकाळी किल्ला, दुपारी तारकर्लीच्या पाण्यात डुंबणं, रात्री हॉटेलात जेवण आणि दुसऱ्या दिवशी गोवा. एवढ्यावर परतणाऱ्याला तू भेटलेलाच नसतोस, म्हणून हे पत्र.

तुझी पहिली ओळख जिभेला होते. बांगड्याचं तिखलंच घे. वाळलेल्या तिरफळांतली काळी बी काढून टाकायची, सालं किंचित ठेचायची आणि कालवणात सोडायची. ती खायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. तरी एखादं दाताखाली येतंच. मग जीभ झिणझिणते, बधिर होते आणि बांगड्याचा उग्र वास कुठे गेला ते तिथल्या तिथे उमगतं. आंबटपणा सोलांचा. मासा समुद्रातला, तिरफळ रानातलं, सोलं परसातल्या रातांब्याची. तुझा सगळा भूगोल त्या टोपात शिजत असतो. असं कालवण चुलीवर असताना पाहुण्यापुढे पनीरची भाजी का यावी? मासे न खाणाऱ्यासाठी तुझ्याकडे काजूची उसळ आहे, काळ्या वाटाण्याची आमटी आहे, फणसाची भाजी आहे.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरणं बरं नव्हे. त्या दिवसांत टाकळ्याची भाजी असते, फागलां असतात, पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा असतो. पावसाळ्यात येणाऱ्याने हेच मागून खावं, अगदी चवीने.

आणि पावसाळ्यानंतर येणाऱ्याने रात्री जागावं. पावसाळा सरून जत्रा सुरू झाल्या की देवळांतून दशावताराचा खेळ उभा राहतो. देवळाच्या कडेला बसून, हातात लहानसा आरसा धरून नट स्वतःच आपला चेहरा रंगवतो. मिशी भादरलेला गडी बघता बघता राणी होतो. कथानक आधी ठरलेलं, संवाद मात्र लिहिलेले नसतात. पेटी-पखवाजाच्या साथीने ते तिथेच सुचतात आणि खेळ उजाडेपर्यंत चालतो. पाहुण्यांच्या सोयीसाठी या खेळाचा पाऊण तासाचा तुकडा करून हॉटेलच्या हिरवळीवर मांडला, तर रंग आणि मुकुट उरतात, दशावतार उरत नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट, हीही अशीच सवडीने बसून ऐकण्याची. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे अनेकांना पिंगुळीचं नाव कळलं.

तुझ्या आंबोलीबद्दल मात्र मला काळजी वाटते. तिथल्या हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटभरही नसलेला मासा राहतो. त्याच्यासाठी २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. वर्षा पर्यटनाच्या गर्दीतले किती जण धबधब्याखाली भिजून त्या माशाचं नावही न ऐकता परततात! त्या माशाच्या पाण्यात साबण, प्लास्टिक, उष्टं काहीही जाऊ नये, हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायलाच हवं.

सिंधुदुर्गा, पाहुणा आला म्हणून ताट बदलू नकोस, नाटकाची वेळ बदलू नकोस. खाणावळीच्या दारावर आज काय शिजलंय ते खडूने लिही आणि जवळ कुठे जत्रा असेल तर तिचंही नाव खाली लिही. येणाऱ्यांनो, तुम्हीही मुक्काम एक रात्र वाढवा आणि ती रात्र हॉटेलात नको, देवळासमोर काढा.

तुझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारा,
एक पाहुणा