‘रीझन’ची दुहेरी चाकरी

इंग्रजींतील ‘रीझन’ हा शब्द इतका नेहमींचा आहे कीं, थांबून त्याच्याकडे पाहण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हिशेब. फ्रेंचच्या वाटेनें तो इंग्रजींत आला आणि तेथें दुहेरी चाकरी करूं लागला. पूल कां कोसळला, याचें उत्तर ‘रीझन’. आणि एखादें मत खरें कां मानावें, याचेंही उत्तर ‘रीझन’च! आपला मराठी ‘कारण’ हा शब्द या बाबतींत त्याचा सख्खा भाऊ शोभेल.

आपल्या नैयायिकांनीं मात्र हीं दोन कामें निरनिराळीं ठेविलीं. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे, असें आपण ठरवितों. येथें धूर हा अनुमानाचा हेतु. पण धुरामुळें कांहीं अग्नि उत्पन्न होत नाहीं. अग्नि हें कारण, धूर हें कार्य. आपलें ज्ञान धुराकडून अग्नीकडे जातें. सृष्टीचा क्रम नेमका उलट आहे.

वर्गांत हा भेद मी दरवर्षीं शिकवितों आणि विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेंत बिनचूक उतरवितात. घरोघरीं मात्र त्याची आठवण कोणास राहत नाहीं. परवां एका स्नेह्यांच्या कन्येनें लग्नापूर्वीं आणखी दोन वर्षें शिकण्याची इच्छा सांगितली व तिच्या पुष्ट्यर्थ चार मुद्दे मांडले. ‘कॉलेजचें वारें लागलें, दुसरें काय!’ असें म्हणून वडील समाधानानें पानावर बसले. मुलीनें हेतु दिले होते. वडिलांनीं तिच्या मताचें कारण शोधलें. मुद्दे होते तेथेंच राहिले. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांच्या पिढीलाही इंग्रजी शिक्षणानें डोकीं फिरल्याचें असेंच ऐकावें लागे. तरुणही यांत मागें नाहींत. ‘म्हातारे झाले, असेंच म्हणणार,’ एवढ्यावर त्यांचेंही काम भागतें.

मत कोठून आलें हें जाणणें निरुपयोगी नव्हे. परंतु वाऱ्याबरोबर आलेलें मत खरें असूं शकतें आणि वडिलोपार्जित मत खोटें. म्हणून ‘ही असें कां म्हणते?’ यापूर्वीं ‘म्हणते तें खरें आहे काय?’ हें विचारावें. पहिल्या प्रश्नांत माणसाची झडती असते, दुसऱ्यांत म्हणण्याची पारख. आणि ज्या घरांत केवळ झडतीच होते, तेथें मुलें हळूहळू बोलेनाशीं होतात.