आयसीयूबाहेरचा बाक

आई आयसीयूत होती. सात रात्री मी बाहेरच्या बाकावर काढल्या. प्रार्थनेला शब्दच सुचेनात. पर्समध्ये पंडिता रमाबाईंचं छोटंसं चरित्र होतं, तेच वाचत बसायची. १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनचं काम आणि बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या.

“प्रभू, तिची लेक वाचवली नाहीस, मग तू विश्वासू कसा?” मी रागानेच विचारलं. उत्तर आलं नाही. चर्चमधल्या मावशी मात्र रोज रात्री डबा घेऊन यायच्या, काही न बोलता शेजारी बसायच्या. त्यांना कोण पाठवतंय, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

आठव्या दिवशी आई गेली. मावशींनी त्या रात्रीही डबा आणला आणि मला बळेच दोन घास भरवले.