आकडा आधी, माणूस मागाहून

सर्वंकष सत्ता म्हणजे कारभारापुरती न थांबता माणसाच्या घरावर, मैत्रीवर आणि मनावरही हक्क सांगणारी सत्ता. ती बंदुकीच्या धाकावर उभी असते हे खरे. परंतु तिला शत्रूही लागतो, आणि तो नेमका कोण हे कधीच पक्के ठरू नये, अशा बेताने ती त्याला घडवते. स्टालिनच्या सोव्हिएत संघात ही रीत आधी खेड्यांत रुजली. ‘कुलाक’ हा शब्द मुळात ‘मूठ’ या अर्थाचा, पुढे सधन शेतकऱ्याला लावला जाणारा. १९३० मध्ये सामुदायिक शेतीच्या सक्तीबरोबर कुलाकांचे निर्मूलन जोरात सुरू झाले, तेव्हा किती गुरे असली म्हणजे माणूस कुलाक ठरतो याचे उत्तर गावागणिक बदलत गेले, आणि ज्याच्या गोठ्यात काहीच नव्हते असा विरोधकही ‘कुलाकांचा हस्तक’ या नावाखाली त्याच रांगेत उभा करता आला.

हीच रीत पुढे देशभर पसरली. ३० जुलै १९३७ रोजी गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह याने काढलेल्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशात प्रत्येक प्रांताला दोन आकडे नेमून दिले होते: पहिल्या वर्गातील लोकांना गोळ्या घालायच्या, दुसऱ्या वर्गातील लोकांना आठ ते दहा वर्षे छावणीत वा तुरुंगात धाडायचे. गुन्हा, तपास आणि शिक्षा हा न्यायाचा क्रम येथे उलटला. आकडा आधी ठरला आणि त्यात बसणारी माणसे मागाहून शोधली गेली. निवाडा ‘त्रोयका’ म्हणजे तिघांचे मंडळ करी, तोही बहुधा आरोपीला समोर न आणता, वकिलाविना आणि अपिलाविना. पहिल्या वर्गासाठी आरंभी देशभर मिळून सुमारे ७६ हजारांचा आकडा होता. तथापि प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांनी मॉस्कोकडे वाढीव आकडे मागितले, कारण शत्रू कमी सापडले तर संशय त्यांच्यावरच येणार होता. अशा सर्व मोहिमा मिळून १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ जणांना मृत्युदंड ठोठावला गेला, अशी सरकारी नोंद आहे. सरोजिनी नायडूंचे बंधू, क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हेही त्याच काळात मारले गेले. पुढे १९४० मध्ये खुद्द येझोव्हलाही गोळी घालण्यात आली.

शत्रूची व्याख्या इतकी सैल असली की भीती आणि द्वेष एकमेकांना पोसू लागतात. कारखान्यांत आणि संस्थांत भरणाऱ्या सभांमध्ये कालच्या सहकाऱ्यासाठी मृत्युदंडाची मागणी करणारा हात पुष्कळदा द्वेषाने नव्हे, तर न उचलल्यास काय होईल या धास्तीने वर जाई. मात्र एकदा वर गेलेला हात समर्थन शोधतो, आणि मग तो माणूस खरोखरच शत्रू होता असे मानणे मनाला सोपे जाते. हीच धास्ती घरातही शिरे. अलेक्सांद्र रोदचेंको या ख्यातनाम कलावंताने १९३४ मध्ये उझबेकिस्तानवरील एका सरकारी चित्रग्रंथाची मांडणी केली होती. त्यातील नेते एकेक करून ‘लोकशत्रू’ ठरले, तेव्हा त्याने आपल्या घरातील प्रतीत त्यांचे चेहरे काळ्या शाईने बुजवून टाकले.

मारलेल्यांच्या नातेवाइकांना सांगितले जाई की शिक्षा ‘पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे’ अशी आहे, आणि घरची माणसे खरोखरच वर्षे मोजत राहत. स्टालिनच्या मृत्यूनंतरही, १९५५ मध्ये, सुरक्षा खात्याने हे कैदी छावणीत आजाराने मरण पावल्याचे कळवण्याची सूचना दिली. त्यानुसार अनेक कुटुंबांच्या हाती मृत्यूचे दाखले पडले, आणि त्यांवरील तारीख व कारण दोन्ही खोटी होती.