थंडीवर घेतलेला आळ

गाडीची बॅटरी किती टिकावी हा नशिबाचा भाग आहे, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. कुणाची पाच वर्षं चालते, कुणाची दोन वर्षांत बसते. बसली की नवी आणायची. दुकानदार जे काही सांगेल ते माल खपवायला, हेही ठरलेलं. आणि नागपूरकर म्हणून आणखी एक समज होता: बॅटरीला मारते ती थंडी. पुरावा दर हिवाळ्यात दिसायचा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कॉलनीत कुणाची ना कुणाची गाडी सुरू व्हायची नाही.

यातला एकही समज मी कधी तपासला नाही, कारण तिन्ही माझ्या सोयीचे होते. दोष थंडीचा असला की माझा राहत नाही. दुकानदार लबाड ठरला की त्याचं ऐकून घ्यावं लागत नाही.

वॉरंटीतली बॅटरी एका हिवाळ्यात कुरकुरायला लागली, तेव्हा मी दुकानात गेलो तो जवळजवळ भांडायच्या तयारीनं. बॅटरीवाला माझ्याहून बराच लहान. ॲसिडनं जागोजाग भोकं पडलेला शर्ट, काळी बोटं. मी त्याचं ऐकायला नव्हे, त्याला खोटं बोलताना पकडायला गेलो होतो. हे आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानं मल्टीमीटर लावला आणि आकडा मला वाचायला सांगितला. 12.2 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी. मग गाडी सुरू करायला लावली. आकडा 14 च्या थोडा वर गेला. ‘‘अल्टरनेटर बरोबर देऊन राहिला,’’ तो म्हणाला. ‘‘बॅटरी खराब नाही जी, उपाशी आहे. गाडी किती चालवता?’’

मी म्हटलं, रोज स्कूटर, गाडी क्वचित. पण दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

त्यानं हिशेब मांडला. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कुलूप यंत्रणा थोडी थोडी वीज घेत असतात. तीस मिलिॲम्पिअर धरले, तरी आठवड्याला पाच ॲम्पिअर-तास जातात. माझ्या गाडीसारख्या छोट्या गाडीची बॅटरी पस्तीस ॲम्पिअर-तासांची. डॅशकॅम किंवा ट्रॅकर बसवलेला असेल तर गळती आणखी वाढते. पाच मिनिटांत स्टार्टरनं ओढलेली वीज परत मिळते, आठवडाभर झिरपलेली नाही. बॅटरी सलग अर्धवट राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कण साचतात. बॅटरी लवकर चार्ज केली तर ते विरघळतात, तसेच राहिले तर घट्ट होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

मग त्यानं विचारलं, ‘‘मे महिन्यात गाडी कुठं उभी असते?’’

अंगणात. दिवसभर उन्हात.

‘‘थंडीनं नाही मारत जी. मारते उन्हाळा. थंडीत फक्त कळते.’’

मी गप्प झालो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढं जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो. उष्णतेनं आतलं पाणी उडतं, धन प्लेटची जाळी गंजत जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे. हे नुकसान उन्हाळ्यात दिसत नाही, कारण गरम इंजिन सहज फिरतं. थंडीत तेल घट्ट होतं, आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि मे महिन्यात खचलेली बॅटरी जानेवारीत उघडी पडते. मी इतकी वर्षं मारणाऱ्याला सोडून बातमी आणणाऱ्याला दोष देत होतो.

त्यानं नवी बॅटरी विकली नाही. रात्रभर चार्जिंगला लावली, थोडेसेच पैसे घेतले. तो नवी खपवू शकला असता. मी मनात धरून गेलो होतो तसा तो माणूस असता, तर माझ्या अज्ञानाचं त्यानं सोनं केलं असतं. माझा त्याच्याबद्दलचा ग्रह त्याच्या शर्टावरून झाला होता, हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं.

आता गाडी कडुलिंबाखाली लावतो. आठवड्यातून एकदा वर्धा रोडवर अर्धा-पाऊण तास चालवून आणतो. गाडी ठेवून बरेच दिवस बाहेरगावी जाताना ऋण टर्मिनलची केबल काढून ठेवतो. ऋण आधी काढायची, जोडताना शेवटी. टर्मिनलवर पांढरट-निळसर थर दिसला की पुसून पेट्रोलियम जेली लावतो. माझी बॅटरी टोपणं उघडणारी आहे, म्हणून उन्हाळ्यात पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घालतो. नळाचं पाणी कधीच नाही, त्यातले क्षार प्लेटांना बाधतात. नवी घेताना डब्यावरची निर्मितीची तारीख बघतो, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही झिजते. आपल्या हवेत तीन ते पाच वर्षं हा साधारण पल्ला. त्यातलं शेवटचं वर्ष बरंचसं आपल्या हातात असतं.

आधी जुनी बॅटरी मी भंगारवाल्याला द्यायचो, दोन पैसे जास्त मिळतात म्हणून. तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिसं असतो आणि चोरट्या भट्ट्यांत ते उघड्यावर वितळवलं जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण अशा भट्ट्या हेच आहे. आपल्याकडे 2022 च्या सरकारी नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आता जुनी बॅटरी मी त्याच पोराच्या दुकानात देतो आणि पावती मागून घेतो.