मॉन्टिसेलोचा फिरता दरवाजा

मराठी शिकवणाऱ्याला अमेरिका प्रथम भेटते ती ज्योतिरावांच्या पुस्तकात. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या भल्या माणसांना. तेव्हा व्हर्जिनियात गेल्यावर थॉमस जेफर्सनचे घर न पाहता परतणे शक्यच नव्हते. सारी माणसे समान निर्माण झाली आहेत, असे १७७६च्या जाहीरनाम्यात लिहिणारा हा गृहस्थ. आणि हयातभरात सहाशेच्या वर गुलामांचा धनी!

शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर पांढऱ्या खांबांची ती विटांची वास्तू उभी आहे. देखणी आहे, हे कबूल करायलाच हवे. पुढच्याच दालनात एक मोठे घड्याळ. दोरांना तोफगोळे टांगलेले. ते खाली सरकतील तसा भिंतीवर वार कळतो. भिंत अपुरी पडली म्हणून जमिनीला भोके पाडली आणि शनिवार गेला तळघरात! आमच्या सौ.ला ही युक्ती भलतीच आवडली.

मी रेंगाळलो तो भोजनगृहात. शेकोटीच्या बाजूला एक चिंचोळा पाळणा. मद्याची बाटली त्यात बसून तळघरातून वर येई. जवळच मधोमध फिरणारा एक दरवाजा, त्याच्या पाठीला फळ्या. पलीकडून ताटल्या ठेवायच्या आणि दरवाजा फिरवायचा. पदार्थ पाहुण्यांसमोर येत, ते आणणारे हात मात्र दाराआड राहत. अशा टेबलाशी स्वातंत्र्याच्या गप्पा निर्वेध रंगल्या असतील.

ते पदार्थ रांधी एडिथ फॉसेट. राष्ट्राध्यक्षांच्या निवासात तिला फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकवला होता. तिचा नवरा जो लोहार. बाहेर मलबेरी रो म्हणून वाट आहे; तिथल्या खिळ्यांच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची पोरे घण मारीत. लोखंड किती दिले, खिळे किती झाले, हा हिशेब धनी जातीने ठेवी.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, जेफर्सन वारला. मागे कर्जाचा डोंगर. मृत्युपत्राने पाच जणांना मुक्ती दिली. त्यांत जो होता. एडिथ आणि मुले नव्हती. १८२७च्या जानेवारीत १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला, त्यात ती विकली गेली. जोने पुढे बायकोला आणि काही मुलांना पैसे मोजून सोडवले. पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या नव्या धन्याने त्याला बापाला विकायला नकार दिला.

पीटर मुक्त झाला तो १८५०च्या सुमारास. सिनसिनाटीत तो धर्मोपदेशक झाला, आणि १९०० साली, म्हातारपणी, हे घर पाहायला एकदा येऊन गेला.