एम प्रथिनाचं काम

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला संशोधनासाठी गेले. तिथल्या पशुवैद्यक विद्याशाखेत करोना विषाणूंवर बरीच वर्षं काम चालू होतं. उंदरांना यकृताचा दाह करणारा एमएचव्ही हा आमचा रोजचा विषाणू. माझ्याकडे आलं ते त्याचं पटल-प्रथिन, म्हणजे एम.

करोना म्हटलं की लोकांना स्पाइक आठवतो. पेशीला चिकटायचं काम त्याचं, म्हणून औषधं आणि लशी त्याच्याभोवती फिरतात. पण विषाणूच्या आवरणात संख्येनं सर्वांत जास्त असतं ते एम. एमएचव्हीमध्ये ते २२८ अमिनो आम्लांचं आहे. पटलातून ते तीनदा आरपार जातं. एक आखूड टोक बाहेर राहतं आणि लांबलचक शेपूट विषाणूच्या आत. ट्युनिकॅमायसिन हे प्रतिजैविक देऊन वाढवलेल्या पेशींतून स्पाइक नसलेले कण बाहेर पडतात, हे १९८१ सालीच दिसलं होतं. त्या कणांत एम मात्र होतं. म्हणजे कण बांधायला स्पाइक लागत नव्हता.

वडील फोनवर विचारायचे, “अगं, त्या प्रथिनाचं काम काय, ते कळलं का?” ते स्वतः गुरांचे डॉक्टर, त्यामुळे प्रश्न नेमका असायचा. मी सांगायचे, “बाबा, नुसतं पाहून ते कळत नाही. त्याचा एकेक तुकडा काढायचा आणि काय बंद पडतं ते बघायचं.”

एमचं जनुक एकटंच पेशीत घातलं की प्रथिन गॉल्जी या पेशीतल्या कप्प्यात जाऊन बसायचं. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाच्या शेजारी हिरवी कोर उजळलेली दिसे. पण विषाणू अंकुरतो तो गॉल्जीच्या अलीकडे, आणि एकट्या एमपासून कणही बनत नव्हते. त्याच्या जोडीला ई हे चिमुकलं प्रथिन दिलं, की पोकळ कण पेशीबाहेर येऊ लागत. आमच्याच विभागातल्या संशोधकांनी हे १९९६ साली प्रसिद्ध केलं होतं. आत जीनोम नाही, पण आकार विषाणूचाच.

हे कण पकडणं जिकिरीचं होतं. पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल द्यायचं, वरचा द्रव गोळा करायचा, प्रतिपिंडांनी कण ओढून घ्यायचे, जेल चालवायचं आणि फिल्म धुवायची. एमचा नमुना उकळायचा नाही, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. इतर प्रथिनं जेलवर घालण्याआधी उकळतात; एम उकळलं की त्याच्या गाठी होतात आणि ते जेलमध्ये शिरतच नाही. नीट चालवलं तर एका पट्टीऐवजी पट्ट्यांची शिडी दिसायची, कारण काही रेणूंवर साखरेच्या कमी साखळ्या चढलेल्या असत, काहींवर जास्त. ती शिडी स्वच्छ उमटली की दिवस सार्थकी लागायचा.

शेपटाच्या अगदी टोकाची अमिनो आम्लं काढली की कण बनणं जवळजवळ थांबायचं. एवढ्या लांब साखळीत टोकाला इतकं महत्त्व का, हे त्या पोकळ कणांवरून कळेना.

त्याच्या उत्तराचा एक भाग २००२ साली आला, अमेरिकेत ऑल्बनीच्या वॉड्सवर्थ सेंटरमधून. लिली कुओ आणि पॉल मास्टर्स यांनी ती शेवटची दोन अमिनो आम्लं खुद्द विषाणूतूनच काढून टाकली. जो विषाणू हाती आला तो अगदी दुबळा होता, पेशींच्या थरात त्याचे ठिपके बारीक यायचे. पण तो वाढवत नेला तेव्हा मोठे ठिपके करणारे काही विषाणू निपजले. त्यांनी गमावलेलं परत मिळवलं नव्हतं. त्यांतल्या काहींत बदल झाला होता तो दुसऱ्याच प्रथिनात, जीनोमला कवटाळून बसणाऱ्या न्यूक्लिओकॅप्सिडच्या शेपटात. एमचं टोक कुणाला धरतं, ते सावरलेल्या विषाणूनंच दाखवून दिलं. तो निबंध वाचताना मला झालेला आनंद स्वतःच्या निकालाइतकाच होता.

२०१९च्या अखेरीस सार्स-कोव्ह-२ आला. त्याचं एम २२२ अमिनो आम्लांचं. २०२२ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्याची रचना उलगडली: दोन रेणू एकमेकांत गुंतून जोडी करतात. मार्च २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन निबंध एकत्र आले. दोन्हींत बेल्जियममधल्या संशोधकांचा वाटा होता. त्यांतली जेएनजे-९६७६ आणि सीआयएम-८३४ ही संयुगं या जोडीतच अडकून बसतात, तिला एकाच ठेवणीत खिळवतात, आणि विषाणूची जुळणी थांबते. उंदीर आणि हॅमस्टरच्या फुप्फुसांतला विषाणू त्यांनी खूप कमी केला. माणसासाठीचं औषध व्हायला अजून बराच रस्ता आहे, पण एमवर घाव घालता येतो हे आता पक्कं झालं.

संयुगाचा नेम एमवर आहे हे कळलं तेही ऑल्बनीच्या त्या प्रयोगासारख्याच रीतीनं. संयुगाला दाद न देणारे विषाणू वाढवले, त्यांचे जीनोम वाचले, आणि बदल सापडले ते एममध्ये.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आग्रहानं सांगते: प्रथिन मोडल्यावर सगळं बंद पडलं, एवढीच नोंद करून प्लेट टाकून देऊ नका. ती आणखी वाढवा. त्यातून एखादा विषाणू सावरून उठला, तर आधी त्याचा जीनोम वाचा. प्रथिनाचं काम काय आणि त्याचा सोबती कोण, हे तो आपल्यापेक्षा नेमकं सांगतो.