अननसामागचा धूर

पुरुषांसाठीच्या परफ्यूमचा ब्रीफ हातात पडला की त्यात एक ओळ हमखास असते: ‘फ्रूटी चालेल, पण गोड नको.’ मार्केटिंगवाल्यांच्या बऱ्याच ओळी मी कानाआड करतो, ही मात्र मनावर घेतो. फळाचा वास एकटा सोडला की त्याचा शाम्पू होतो. त्याच्या पाठीशी काहीतरी कोरडं, कडवट, जमलं तर थोडं करपलेलं लागतं.

मुळात बाटलीतलं फळ झाडावरून येत नाही. लिंबू-संत्र्याची साल पिळली की तेल सुटतं. अननस, सफरचंद, पीच यांचं तसं नाही. ते वास रसायनांतूनच जुळवावे लागतात. अननसासाठी माझा भरवशाचा गडी म्हणजे अलाइल अमाइल ग्लायकोलेट. बाटली तशीच नाकाशी धरली तर डोकं उठतं. अल्कोहोलात एक टक्क्यापर्यंत पातळ करून ब्लॉटरवर थेंब टाकला की अननस येतो, पण पिकून रस गळणारा नव्हे. हिरवी पानं, काटेरी साल, जीभ चरचरवणारी फोड. आणखी दोन दिवस ठेवायला हवा होता असा. अलाइल हेक्झानोएट त्याहून गोड, लिमलेटच्या गोळीतला अननस. पुरुषांच्या फॉर्म्युल्यात पहिल्याला मी सढळ हात देतो, दुसऱ्याला आखडता.

फळाला असा आधार द्यायची युक्ती जुनीच. 1919 साली जाक गेरलां यांनी ‘मित्सुको’त पीचचा वास ओकमॉसवर बसवला. ओकमॉस आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावकीतलं. मसाला भाजताना दगडफूल जो मातकट, लाकडी वास सोडतं, तो ओळखीचा असेल तर ओकमॉस वेगळं समजवावं लागत नाही. ॲलर्जीमुळे आता त्याच्या वापरावर बंधनं आहेत, याची हळहळ वाटते. पुढे 1998 साली ॲनिक मेनार्दो यांनी ‘बॉस बॉटल्ड’मध्ये सफरचंद, दालचिनी आणि लाकूड यांचा मेळ पुरुषांसाठी घातला.

आणि मग 2010 साली क्रीडचं ‘अव्हेंटस’ आलं. वर अननस, खाली बर्चचा धूर. तेव्हापासून जो तो ‘तसंच काहीतरी’ मागत येतो. नक्कल करणारे अननस वाढवत बसतात. खरी मेख धुरात आहे. बर्चची साल हवा लागू न देता तापवली की त्यातून काळं, चिकट तेल गळतं. त्याला जळक्या लाकडाचा आणि कमावलेल्या चामड्याचा असा दुहेरी वास असतो. जुन्या रशियन चामड्याची ओळखच त्या तेलामुळे होती. परफ्यूमसाठी ते शुद्ध करूनच घ्यावं लागतं, आणि तरीही हात जरा सुटला की सगळ्या बाटलीला धुराडं लागतं.

पण फळ आणि लाकूड दोन्ही चांगले असले म्हणून जोडी जमतेच असं नाही. फळांचे रेणू हलके. मुंबईच्या उकाड्यात, घामेजलेल्या मनगटावर ते बघता बघता उडून जातात. पॅचुली, वाळा, सीडर निवांत. ते उशिरा बोलायला लागतात. मधल्या वेळात कातडीवर नुसतीच पोकळी राहते, आणि परफ्यूम ‘उतरला’ अशी तक्रार येते ती याच वेळची. तिथे मी डॅमास्कोन घालतो. शिजवलेलं सफरचंद, आलुबुखार, गुलाब आणि मागे किंचित तंबाखू, असा त्याचा वास; त्यामुळे फळ गेलंय हे नाकाला उशिरा कळतं. त्याच्या मात्रेचे नियम कडक आहेत, आणि जबर इतकं की तेवढंही पुरतं. जोडीला आयसो ई सुपर, सीडरची मऊ सावली. काही नाकांना तो जवळजवळ येतच नाही, म्हणून तो घातलेला नमुना मी एकट्याच्या नाकावर कधी पक्का करत नाही.

सध्या बर्चऐवजी नागरमोथ्याचं तेल लावून बघतोय. मुळाचं तेल, त्यामुळे माती आली, पण तिच्यासोबत धूर आणि चामडंही आहे. हिरव्या अननसाखाली तो बर्चपेक्षा कमी आखडूपणे बसतो, असं माझं मत. ग्राहकाने नमुना हुंगला आणि म्हणाला, “उदबत्ती.” अननस वाढवा, असंही सुचवलं. अननस मी तेवढाच ठेवलाय. बर्गमॉट चढवलाय आणि नागरमोथा थोडा उतरवलाय. ब्लॉटर टेबलावर आहेत, उद्या सकाळी परत बघू.